स्वस्त संच, चुकीचे कोन : भांडुपमधल्या एका लेथचं प्रकरण

लाकडाच्या लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवत कापायच्या यंत्रावर, नव्यानं उभं राहणाऱ्या माणसाची पहिली तक्रार बहुधा हत्यारांबद्दल असते, आणि ती बहुतेक वेळा खरीही असते. पण खोट नेमकी कुठे आहे हे शोधायला कोणी थांबत नाही. संच स्वस्त होता म्हणून वाईट, असा निकाल लागतो. मग संच माळ्यावर जातो आणि माणूस एकतर महागडी परदेशी हत्यारं मागवतो, नाहीतर लेथच विकून टाकतो. हे प्रकरण त्या टोकापर्यंत पोचलं होतं, म्हणून तपशिलात लिहून ठेवतो आहे. माझी नोकरी टूलरूममध्ये गेली, लोखंड कापणाऱ्या हत्यारांना धार लावण्यात. लाकडाकडे निवृत्तीनंतर वळलो. त्यामुळे माझी नजर आधी पोलादावर जाते आणि मग आकारावर. या प्रकरणात त्याच क्रमाचा उपयोग झाला.

परिस्थिती

भांडुपला तळमजल्यावर राहणाऱ्या एक ताई. वय चाळिशीचं, नोकरी बँकेत. मागच्या गॅलरीत त्यांनी जुना, दहा इंची छोटा लेथ घेऊन बसवला होता. करायचं होतं ते साधंच : भोवरे, सावंतवाडीच्या खेळण्यांसारखी लाकडी भातुकली, पुढे जमलं तर लाटणी आणि ताकाच्या रव्या. लेथबरोबर हत्यारं नव्हती, म्हणून त्यांनी आठ नगांचा एक स्वस्त संच मागवला. एक मोठी रफिंग गाउज, म्हणजे ओबडधोबड लाकूड गोल करायची पन्हळीची पटाशी, एक छोटी गाउज, एक इंची आणि अर्धा इंची अशा दोन स्क्यू, म्हणजे तिरक्या धारेच्या पटाश्या, एक पार्टिंग टूल, म्हणजे अरुंद चर पाडून लाकूड तोडायचं हत्यार, आणि तीन स्क्रेपर, म्हणजे खरवडायची पाती. खोक्यावर एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टील, असं छापलेलं. सोबत सहा इंची बेंच ग्राइंडर.

“काका, यातलं एकही हत्यार कापत नाही,” असं म्हणत त्यांनी खोकं माझ्यासमोर ठेवलं. तक्रारी एकेक करून विचारून घेतल्या. स्क्यू लावली की लाकडावर मळसूत्रासारखी खोल चर पडते. छोटी गाउज खोबणीत उतरवली की तिचा कोपरा रुततो. पार्टिंग टूल धूर काढतं. स्क्रेपर थरथरतो. आणि शेवटची गोष्ट त्यांनी जरा दबक्या आवाजात सांगितली : छोटी वाटी करून पाहताना रफिंग गाउजनं असा झटका दिला की लाकूड चकमधून, म्हणजे ते धरणाऱ्या जबड्यातून, सुटून गॅलरीच्या ग्रिलवर आदळलं. त्या दिवसापासून लेथ बंद होता. इंग्लंडहून येणाऱ्या शेफील्डच्या हत्यारांची चौकशी त्यांनी केली होती आणि त्या संचाची किंमत त्यांच्या जुन्या लेथच्या किमतीला भिडत होती. ऑर्डर द्यायची की लेथ विकायचा, एवढाच प्रश्न घेऊन त्या आल्या होत्या.

मी त्यांना दोन्ही थांबवायला सांगितलं. वाटीचा प्रकार मात्र लगेच बंद करायला लावला, त्याचं कारण पुढे येईल.

आधी पोलाद

हत्याराचा आकार बदलता येतो, मूठ बदलता येते. पोलाद बदलता येत नाही आणि पात्याची जाडी वाढवता येत नाही. म्हणून स्वस्त हत्यार पारखताना याच दोन गोष्टी पाहायच्या. दुकानदार धार दाखवतो, कारण धार चमकते. ती धार आपण पहिल्याच दिवशी घासून टाकणार असतो.

पोलादाची पारख ठिणगीवरून. संध्याकाळी गॅलरीतला दिवा बंद करून प्रत्येक हत्यार उताराच्या, म्हणजे धारेकडे तिरक्या घासलेल्या बाजूच्या, मागच्या टाचेला ग्राइंडरवर हलकेच टेकवलं. साधं कार्बन पोलाद असेल तर पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्या निघतात आणि प्रत्येक ठिणगी टोकाला फुटून तिला फांद्या फुटतात. हाय स्पीड स्टील असेल तर ठिणग्या तांबूस-केशरी, मंद, बारीक रेषेसारख्या, आणि टोकाला फारशा फुटत नाहीत. एकदा दोन्ही शेजारी पाहिल्या की पुन्हा चूक होत नाही. आठांपैकी सहा नग खरे एचएसएस निघाले. दोन स्क्रेपर कार्बन पोलादाचे होते, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

हा फरक धार लावताना कळतो. कार्बन पोलादाला पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक केल्यावर, साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसवर ते उतरवून, म्हणजे ठिसूळपणा कमी करून (टेम्पर करून), घेतलेलं असतं. ग्राइंडरवर धारेचं टोक ३०० अंशांपर्यंत पोचलं की निळं पडतं आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरतं, म्हणजे तो मऊ पडतो. ती धार मग टिकत नाही, कितीही घासली तरी. एचएसएस साधारण ५५० अंशांवर टेम्पर केलेलं असतं, त्यामुळे त्यावर निळा डाग पडला तरी कडकपणा जात नाही. टेलर आणि व्हाइट या दोन अमेरिकनांनी हे पोलाद घडवलं आणि १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ते टोकाशी लाल होईपर्यंत लोखंड कापताना दाखवलं. नवशिक्याच्या हाती ग्राइंडर असतो तेव्हा हा गुण सोन्याच्या मोलाचा आहे. धार लावायला शिकताना हत्यार तापणारच, आणि एचएसएस ते सहन करतं.

ताईंनी एका कार्बन स्क्रेपरची धार निळी करून ठेवली होती. दुसरी परीक्षा कानशीची : नव्या कानशीचा कोपरा धारेवर फिरवायचा. कडक धारेवर कानस घसरते, मऊ धारेला चावते. सगळ्या हत्यारांवर ती घसरली, फक्त त्या निळ्या स्क्रेपरला चावली. तो निळ्या भागाच्या मागे तीन मिलिमीटर घासून काढावा लागला, घासताना सतत पाण्यात बुडवत. एचएसएस मात्र तापलेलं असताना पाण्यात बुडवू नये. धारेला बारीक तडे जाण्याची भीती असते. ते हवेतच निवू द्यावं.

जाडी पाहिली. मोठी स्क्यू सहा मिलिमीटर, उत्तम. गाउजची पन्हळ बऱ्यापैकी खोल. स्क्रेपर मात्र तीन मिलिमीटर, आणि हे दुखणं घासून बरं होणारं नव्हतं.

माझा निष्कर्ष त्याच संध्याकाळी ठरला. पोलाद चांगलं आहे, आकार चुकीचे आहेत. कारखान्यात हत्यारं घाईनं एकाच साच्यात घासलेली असतात, आणि त्यावर भर म्हणून ताईंच्या ग्राइंडरवरचं चाक धार लावण्याच्या कामाचं नव्हतं.

जे पर्याय बाजूला ठेवले

शेफील्डची हत्यारं उत्तमच आहेत, याबद्दल मनात काही शंका नाही. पण ती आली तरी पहिल्या महिन्यात बोथट होणार आणि त्याच ग्राइंडरवर, त्याच हातानं घासली जाणार. धार लावता येत नसेल तर महाग पोलाद फक्त जास्त पैसे घेऊन झिजतं.

कार्बाइडची टिकली बसवलेली हत्यारं आता सहज मिळतात. धार लावायची कटकट नाही, टिकली फिरवली की नवी बाजू. सुरुवातीला खूप जण तीच घेतात आणि त्यात गैर काही नाही. पण बहुतेक टिकल्या लाकूड खरवडतात. आंब्यासारख्या मऊ, भुसभुशीत लाकडाचे तंतू त्यानं उपटले जातात आणि मग पॉलिश पेपर घेऊन बसावं लागतं. मुलांच्या तोंडात जाणारी भातुकली करायची, तर धारेनं कापलेला गुळगुळीत पृष्ठभागच हवा, असं माझं मत.

चोर बाजारात मटन स्ट्रीटला जुन्या कानशी स्वस्तात मिळतात, आणि जुन्या कानशीचं लेथचं हत्यार करायचा सल्ला ताईंना कोणीतरी दिला होता. याबाबत मी कडक आहे. कानस फार कडक ठेवलेली असते, म्हणून ठिसूळ असते. लाकडानं झटका दिला की वाकत नाही, तुटते, आणि तुकडा तोंडाकडे उडतो. करायचंच तर आधी दात पूर्ण घासून काढायचे, कारण तडा दातांच्या मुळाशीच सुरू होतो. मग ती २०० अंशांच्या थोडं वर ओव्हनमध्ये तास-दोन तास ठेवून पिवळसर रंग येईपर्यंत उतरवायची, आणि टूल रेस्टच्या, म्हणजे लेथवर हत्यार टेकवायच्या आधाराच्या, अगदी जवळ धरून फक्त हलक्या कामाला वापरायची. एवढ्या अटी नवशिक्याच्या गळ्यात घालण्यात अर्थ नव्हता. ट्रकच्या कमानपाट्याचा जाड स्क्रेपर मात्र चांगला होतो, पाणी देणं-उतरवणं जाणणारा लोहार मिळाला तर.

सगळ्यात आधी ग्राइंडर

ताईंच्या ग्राइंडरला कारखान्यातून आलेली राखाडी चाकं होती. ती वेल्डिंगचे सांधे, लोखंडाची कोर वगैरे घासायला. एचएसएसवर ती लवकर चकाकतात, कापण्याऐवजी घासटतात आणि उष्णता वाढवतात. शिवाय सहा इंची ग्राइंडर मिनिटाला २८०० च्या आसपास फिरतो, म्हणजे चूक सुधारायला वेळच देत नाही.

नागदेवी स्ट्रीटवरून एक पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं चाक आणलं, डब्ल्यूए ६० के. डब्ल्यूए म्हणजे पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइड, ६० हा दाणा, के ही चाकाची पकड, मध्यम-मऊ. मऊ पकडीच्या चाकाचे बोथट झालेले दाणे गळून पडतात आणि खालचे ताजे वर येतात, म्हणून ते कमी तापवतं. सोबत एक स्टार ड्रेसर, चाक सपाट आणि ताजं ठेवायला. बसवण्याआधी चाक बोटावर टांगून लाकडी मुठीनं हलकं ठोकून पाहिलं. खणखणीत आवाज आला तर चाक धड, बद आवाज आला तर आत तडा, आणि तडा गेलेलं चाक परत करायचं. चाकावर छापलेला कमाल वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त आहे ना, तेही वाचून घेतलं. चाक आणि आधार यांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवायची नाही, चाकाच्या बाजूवर घासायचं नाही, डोळ्यांवर चष्मा. हे नियम टूलरूममध्ये पहिल्या दिवशी शिकवतात, घरी कोणी शिकवत नाही.

ग्राइंडरबरोबर येणारा पत्र्याचा आधार डुगडुगत होता. त्याच्या जागी प्लायवुडचा एक रुंद, घट्ट आधार केला, बोल्ट ढिला करून कोन बदलता येईल असा. कोन मोजायला पातळ लाकडाच्या तीन फाळक्या कापल्या : एक स्क्यूची, एक गाउजची, एक स्क्रेपरची. फाळकी चाकाला आणि आधाराला टेकवली की कोन पुन्हा तोच येतो. नवशिक्याला मी एवढंच आग्रहानं सांगेन की दुसरं हत्यार घेण्याआधी हा आधार करा. रोज कोन थोडा बदलला तर धारेवर तीन-चार उतार पडतात, आणि असं हत्यार लाकडावर कुठे टेकवायचं हे हाताला कधीच कळत नाही.

स्क्यू

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण भोवरा आणि लाटणं यांचा जीव स्क्यूत आहे.

कारखान्यातून आलेल्या मोठ्या स्क्यूचा उतार मोजला. पात्याची जाडी सहा मिलिमीटर, उताराची लांबीही जेमतेम सहा मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी असा उतार असेल तर धारेचा कोन ६० अंश होतो. एवढ्या जाड कोनाची धार तंतूंमध्ये शिरत नाही, त्यांना दाबत जाते. मग माणूस जोर लावतो, जोरात हात सरकतो, लांब टोक लाकडात शिरतं आणि मळसूत्रासारखी चर पडते. ताईंचा हात चुकत नव्हता असं नाही, पण त्या हत्यारावर चांगला हातही चुकला असता.

ठरवलं की कोन ३५ अंशांच्या जवळ आणायचा. सहा मिलिमीटर जाडीला त्यासाठी उतार दहा मिलिमीटर लांब हवा. ही मोजणी करायला कोनमापक लागत नाही, पट्टी पुरते. उताराची लांबी जाडीच्या सुमारे पावणेदोन पट आली की झालं. तज्ज्ञ लोक त्याहून बारीक कोन ठेवतात, पण बारीक धार सागवानावर लवकर जाते. सागवानात सिलिका असते, ती धार खाते. शिकताना ३५ बरा.

दुसरा कोन धारेच्या तिरकेपणाचा. धार पात्याच्या लांबीशी ७० अंशांवर हवी. २५ मिलिमीटर रुंदीला लांब टोक आखूड टोकाच्या नऊ मिलिमीटर पुढे यायला हवं. ताईंच्या स्क्यूत ते फारच पुढे होतं, भाल्यासारखं. असं टोक खोबणी मारायला छान दिसतं आणि सपाट रंधाई करताना घात करतं. आधी हत्यार सपाट धरून पुढची कड ७० अंशांवर आणली. इथे ताई दचकल्या, कारण त्यात होती ती धार पूर्ण गेली आणि समोर दीड-दोन मिलिमीटर जाडीची बोथट कड उरली. पण आकार आधी आणि उतार नंतर, हाच क्रम योग्य. बोथट कडेवर आणि जुन्या उतारावर मार्करची काळी शाई लावली आणि दोन्ही बाजूंनी आलटून पालटून उतार घासत गेलो. प्रत्येक वेळी शाई कुठे गेली ते पाहायचं. टाचेकडून गेली तर कोन बारीक होतोय, धारेकडून गेली तर जाड होतोय. शेवटी मधली बोथट रेघ उजेडात चमकायची थांबली, तेव्हा हात थांबवायचा.

शेवटचं काम कोणी सांगत नाही. पात्याच्या लांब कडा कारखान्यातून धारदार कोपऱ्यांसह येतात. टूल रेस्टवरून सरकवताना ते कोपरे बिडाच्या रेस्टला खरचटतात, आणि मग हत्यार सरळ न सरकता त्या खाचांतून उड्या मारत जातं. आखूड टोकाकडची कड पूर्ण गोल केली, लांब टोकाकडची थोडीच. लेथचं रेस्ट कानशीनं सपाट करून त्यावर मेण चोळलं. एवढ्यानं निम्मा फरक पडला, असं ताईंनीच सांगितलं. मग ऑइल स्टोनवर दोन्ही उतार हलकेच फिरवून धार केसाळ होती ती साफ केली.

गाउज, आणि वाटीची गोष्ट

छोट्या गाउजचं टोक सरळ आडवं कापलेलं होतं, दोन्ही बाजूंना टोकदार कोपरे. खोबणीत उतरताना तेच कोपरे रुतत. तिला बोटाच्या नखासारखा गोल आकार द्यायचा होता. यासाठी हत्यार उलटं करून, पन्हळ खाली ठेवून, आधारावर आडवं धरलं आणि आधी फक्त वरून दिसणारा नखाचा आकार घासून घेतला. कोपरे मागे गेले. कडेला चमकणारी सपाट पट्टी उरली. मग हत्यार सरळ करून, गोल फिरवत, ती पट्टी नाहीशी होईपर्यंत ४० अंशांचा उतार घासला. पट्टी हीच खूण, ती जिथे जाड तिथे जास्त घासायचं. हे कळल्यावर ताईंनी दुसऱ्या वेळची धार माझ्याशिवाय लावली.

पन्हळीच्या आत कारखान्यातल्या कापणीचे ओरखडे होते. धार म्हणजे दोन पृष्ठभागांची भेट. उतार आरशासारखा आणि पन्हळ खडबडीत, तर धार करवतीसारखीच येणार. पेन्सिलीला ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून पन्हळीच्या पुढच्या दोन सेंटिमीटरांत ओरखडे जाईपर्यंत घासलं. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करावं लागतं.

रफिंग गाउजला फारसं काही करावं लागलं नाही. ४५ अंश, धार सरळ, कोपरे शाबूत. पण वाटीचा अपघात तिच्यामुळेच झाला होता. या गाउजचं पातं भलं रुंद दिसतं, मुठीत जाणारं शेपूट मात्र बारीक आणि चपटं असतं. लाटण्यासारख्या कामात तंतू लेथच्या लांबीला समांतर असतात आणि हत्यार त्यांना सोलत जातं. वाटीत लाकूड आडवं बसवलेलं असतं. एका फेऱ्यात दोनदा तंतूंची टोकं समोर येतात, आणि रुंद धार त्यांना आदळते. त्या धक्क्यात शेपूट वाकतं किंवा तुटतं, आणि पातं हवेत जातं. ताईंच्या बाबतीत लाकूड सुटलं, शेपूट वाचलं. मूठ काढून ते तपासलं, वाकलं नव्हतं. रफिंग गाउज वाटीला लावायची नाही, हे मुठीवर जळत्या तारेनं कोरून घ्या असं मी सांगितलं, आणि त्यांनी खरंच कोरलं.

पार्टिंग आणि स्क्रेपर

पार्टिंग टूलचा धूर सोपा होता. टूलच्या बाजू सरळ सपाट, म्हणजे खोल चरीत त्या दोन्हीकडून घासतात. धार मधोमध आणली, कोन ५० अंशांच्या आसपास ठेवला, आणि चर टूलपेक्षा किंचित रुंद ठेवायला शिकवलं : थोडं कापायचं, बाजूला सरकवायचं, पुन्हा कापायचं. शिवाय एलबीएस रोडवरच्या एका वर्कशॉपच्या भंगारातून पॉवर हॅकसॉचं झिजलेलं पातं मिळालं, सुमारे दोन मिलिमीटर जाडीचं. ते संपूर्ण एचएसएसचं असेल तर त्याचं पातळ पार्टिंग टूल छान होतं. दात घासून काढायचे, टोक द्यायचं, लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये बसवून मूठ करायची. बायमेटल पातं चालत नाही, त्यात फक्त दातांची पट्टी कडक असते, बाकी मऊ. ठिणगी पाहून कळतं. संपूर्ण कडक पातं ठिसूळही असतं, म्हणून रेस्टच्या जवळच धरायचं.

स्क्रेपर ७५ अंशांना घासले. ते कापतात ते ग्राइंडरनं वरच्या कडेला उभ्या केलेल्या बारीक काठानं, म्हणून ऑइल स्टोनवर तो काठ पुसून टाकू नये. हत्याराचं टोक किंचित खाली झुकवून धरायचं. तीन मिलिमीटरचे पातळ स्क्रेपर तरीही थरथरतच राहिले, आणि त्यावर उपाय सापडला नाही. भातुकलीतल्या छोट्या पातेल्याचं पोट कोरायला वेगळा उपाय केला. सोळा मिलिमीटरच्या चौकोनी लोखंडी सळईच्या टोकाला भोक, त्यात लोखंडाच्या लेथवर वापरतात तो सहा मिलिमीटरचा गोल एचएसएस बिट, वरून तो बिट आवळून धरणारा ग्रब स्क्रू. बिटाचा वरचा भाग सपाट, नाक गोल. सळई जाड असल्यामुळे थरथर नाही, आणि बिट झिजला की दुसरा.

निष्पत्ती

चाक, ड्रेसर, बिट आणि मुठीच्या कडीसाठी पितळी नळीचे तुकडे मिळून खर्च तीन हजारांच्या आत राहिला. आंब्याच्या लाकडावर पहिलं लाटणं ताईंनी नव्या उताराच्या स्क्यूनं सोललं, तेव्हा भुशाऐवजी लांब, कुरळ्या सालपटी निघाल्या आणि पॉलिश पेपर ८० नंबराऐवजी १८० पासून सुरू करावा लागला. मला याहून चांगला पुरावा नको. झटके पूर्ण थांबले नाहीत, पण आता का बसला ते त्यांना प्रत्येक वेळी सांगता येतं.

आठांपैकी पाच हत्यारं रोजच्या वापरात आहेत. छोट्या गाउजची मूठ फार आखूड होती. ताईंनी तिच्यासाठी बाभळीची लांब मूठ स्वतः केली, कडीला नळीच्या दुकानातली पितळी नळी. अर्धा इंची स्क्यूला मी दोन्ही बाजूंना गोलसर धार देऊन बघायचं ठरवलं होतं, पण ताईंना ती आहे तशीच भोवऱ्याच्या टोकाला आवडते, आणि त्यांचं बरोबर आहे. निळा पडलेला स्क्रेपर आता फक्त डिंकाचे थर काढायला. पावसाळ्यात कार्बन पोलादाचे दोन्ही स्क्रेपर एका रात्रीत तांबूस होतात. काम संपल्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा फडका सगळ्या हत्यारांवर फिरवायचा, अशी सवय त्यांनी लावून घेतली आहे. लेथजवळ जाताना ओढणी आणि बांगड्या घरात, हातमोजे नाहीत, सागवान असेल तर मास्क. सोसायटीची दुपारची झोप सांभाळून कामाची वेळही त्यांनी ठरवली आहे.

शेफील्डच्या संचाची ऑर्डर दिली नाही. एकच हत्यार नवं घ्यायचं ठरलं आहे : खोल पन्हळीची, गोल सळईतून कापलेली बोल गाउज, कारण वाट्या करायच्या तर तिला पर्याय नाही. गोल सळई तीच जाडी घेऊन मुठीत जाते, बारीक शेपूट नाही. ती संचात नव्हती आणि दुसऱ्या कशाला घासून ती होतही नाही. कारखान्यातून ती बहुधा सरळ टोकाची येईल. दोन्ही बाजूंचे कोपरे मागे घेऊन उतार ५५ अंशांचा करायचा आहे, त्यासाठी चौथी फाळकी कापून ठेवली आहे.